आक्काच्या गाडीला लॅपटॉप जोडला तवा

आक्काचं खरं नाव चिमणाबाई. पर तिला एकदा बघितलं की कुणाच्याबी तोंडातनं ते नाव निघायचं न्हाय. हाडापेरानं रुंद, उंचीला दाराएवढी, आणि आवाज असा की कसबा बावड्यात आमच्या गल्लीच्या ह्या टोकाला ती "राज्या!" म्हणाली की त्या टोकाची झोपलेली कुत्री उठून बसत्यात. राज्या म्हणजे मी, राजवीर. आक्काच्या गाडीचा ड्रायव्हर. नववीत शाळा सोडली आणि बाळासोमामानं, म्हणजे आक्काच्या नवऱ्यानं, मला आपल्या शेजारी बसवून स्टेअरिंग शिकवलं.

ही गाडी मामानं आणि त्येच्या धाकट्या भावानं, हंबीरतात्यानं, दोन हजार चौदा साली निम्मी-निम्मी मिळून घेतली. दहा चाकी. मामानं हौसेनं म्होरं काचंवर लाल चोचीची चिमणी रंगवून घेतली, बायकूच्या नावाची. मामा गेला आणि त्येचं निम्मं आक्काचं झालं.

आता दुसरी कोण असती तर म्हणाली असती, माझ्या वाटणीचं काय ते घरात आणून द्या. आक्का म्हणाली, "माझं निम्मं डावीकडचं." दुसऱ्या दिवशी सकाळी लुगडं खोचून केबिनात चढली, डावीकडच्या सीटवर बसली, आणि तितनं आजपातूर उठली न्हाय.

कोल्हापुरातनं खताची पोती भरायची, शाहूवाडीच्या वरच्या गावांस्नी टाकायची, येताना भात भरून आणायचं, असा आमचा धंदा. वाटंनं आक्काचं तोंड सुरू. "डावीकडं पोरगं हाय! दाब, दाब! आरं म्हस बघ की, म्हस! ती तुला बघून थांबणार हाय व्हय?" आमचा डावा आरसा फुटला तो आमी परत बसवलाच न्हाय. आक्का असताना आरसा कशाला पायजे? आरसा नुसतं दाखवतोय, आक्का दाखवून वर शिव्याबी देतीय.

रस्त्यावर सगळी तिला वळखत्यात. चहावाला, पंक्चरवाला, नाक्यावरचा हवालदार. हवालदारानं एकदा हात केला तर आक्का खिडकीतनं म्हणाली, "काय रं, आईचं गुडघं कसं हायत?" त्यो बिचारा कागद मागायचंच इसरला.

घरात मात्र निराळंच. घर हंबीरतात्याचं. माणसं वाईट न्हाईत, पर दिवसातनं धा येळा, "वैनी, हळू बोला, पोरं अभ्यास करत्यात. वैनी, हळू, पावणं आल्यात." आक्काला हळू बोलायला जमतच न्हाय. मग ती बोलायचीच बंद हुती. घरातली आक्का बघितली की मला कसंतरी हुतंय. भिंतीला टेकून बसलेली, पदर डोक्यावर, तोंडाला कुलूप. आणि सकाळी केबिनची पायरी चढली की ते कुलूप तितं खाली पडतंय.

म्हणून तात्या जवा म्हणाला की गाडी इकायची, तवा त्येला वाटलं गाडी इकायची. मला म्हाईत हुतं काय इकलं जाणार हाय ते.

झालतं असं. गाडी दरसाली वाईच-वाईच कमी ओढाय लागलेली. सपाटीला बघावं तर वाघ. रिकामी पळवली तर कान धरावं लागत्यात. पर भरून चढाला लागली की म्हातारी. रडायची, दुसऱ्या गिअरला यायची, मग पैल्या गिअरला, मागं गाड्यांची जत्रा. मिस्त्र्यांनी फिल्टर बदललं, पंप उतरवून बसवला, नोझल साफ केली. उभ्या गाडीवर रेस देऊन बघायचं आणि म्हणायचं, "एक नंबर झाली." आणि चढाला परत रडं.

एका सकाळी तात्यानं पेठ वडगावचा केरबा भंगारवाला आणला. गाडीभोवती हिंडून केरबानं बोटानं टकटक करून सगळा पत्रा वाजवला, बाजारात कलिंगड वाजवत्यात तसा.

आक्का म्हणाली, "पिकलंय का न्हाय अजून?"

"आक्का, वय झालं हिचं," केरबा म्हणाला.

"तुझं झालंय की. तुला कुणी वाजवून बघतंय का?"

चहाच्या गाड्यावरची माणसं हसली. तात्याला राग आला. चार माणसांत त्यो म्हणाला, "वैनी, बोलून गाडी चढत न्हाय. शनवारी भरलेली गाडी म्हसोबाची चढण चढून दाखवा. माथ्यावर पोचली तर मी परत इकायचं नाव काढणार न्हाय. आणि मधी रडत बसली, तर केरबा तितनंच घेऊन जाईल."

"चालंल," आक्का म्हणाली. मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाय.

म्हसोबाची चढण म्हणजे शाहूवाडीकडची लांबलचक, वाकडी, माणसाला चालत जायलाबी नको वाटावं अशी चढण. मागच्या खेपंला तितं आमाला एका उसाच्या बैलगाडीनं मागं टाकलतं. बैलं माझ्याकडं बघून गेली. अजून आठवतंय.

मी थेट सम्मेदकडं गेलो. सम्मेद माझा शाळेतला दोस्त. त्यो शिकला, मी सुटलो. आता त्यो मोटरसायकलवर लॅपटॉप घेऊन गॅरेज-गॅरेज फिरतोय. ट्रकच्या इंजिनचा कॉम्प्युटर असतोय, त्येला वायर लावून लॅपटॉपवर काय बिघडलंय ते वाचतोय. चांगलं काम करतोय. तोंड मात्र डॉक्टरासारखं करतोय, जसा काय आता घरच्यांस्नी बोलवा म्हणणार हाय.

"जुनी गाडी हाय रं," त्यो म्हणाला. "जोडलं जाईल का न्हाय सांगता येत न्हाय."

"तू ये तर. आक्कानं बोलवलंय."

"आक्कानं?" लगीच उठला. "पर मला उजेड असताना जेवून घ्यायला लागतंय बघ." सम्मेद जैन हाय, दिवस बुडायच्या आत जेवतोय.

त्यो आला. केबिनच्या पायरीवर पाय ठेवला आणि आक्का ओरडली, "चपला!"

आमच्या केबिनात कुणी चपला घालून चढत न्हाय. मीबी अनवाणीच चालवतोय. म्होरं जोतिबाचा फोटो, त्येला हार, खाली अगरबत्ती, आणि पायाखाली आक्कानं जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ, गादीसारखी मऊ. मिस्त्री लोक चपला काढायचा कटाळा करत्यात, म्हणून बाहीर उभारूनच हात आत घालून काम करत्यात.

सम्मेदनं चपला काढल्या, लॅपटॉप उघडला, वायर काढली, वायरीच्या मधी एक काळी डबी. "राज्या, हिचं सॉकेट कुठं हाय?"

"मला काय म्हाईत? कसलं सॉकेट?"

त्यो डॅशबोर्डखाली शिरला, पाय वर. मग बाहीर आला, कुंकू लागलेलं कपाळ घेऊन. जोतिबाच्या फोटोच्या खालीच एक छोटं खोकं हुतं, त्याकडं बोट केलं. "हेच की." वायर घातली. जाईना. जोर लावला. अर्धी गेली. चावी फिरवली. डबीवर हिरवा दिवा लागायला पायजे, त्यो लागंना. लॅपटॉपवर तांबडी पट्टी आली.

"काय म्हणतीय गाडी?" आक्कानं इचारलं.

"काय म्हणत न्हाय. बोलतच न्हाय."

"माझ्या गाडीला बोलता येत न्हाय? मला सांगतोस व्हय? केबल बघ तुझी!"

सम्मेदनं केबल बघितली. आपल्या मोटरसायकलच्या बॅटरीवर डबी लावून बघितली, दिवा लागला. परत गाडीत घातली, दिवा न्हाय. मग त्येनं मोबाईलचा टॉर्च लावून सॉकेटात डोकावून बघितलं. नाक पुढं नेलं. हुंगलं.

"आक्का," त्यो हळूच म्हणाला, "ह्यात चंदनाचा वास येतोय."

"येणारच की! रोज लावतीय."

"कुठं लावताय?"

"कुठं म्हणजे? कंपनीनं देवाच्या पायाशी अगरबत्तीला भोकं दिल्यात, त्यात!"

सम्मेद खाली बसला. खरंच बसला, वाकळंवर. "आक्का, सोळा भोकं हायत हिथं. कंपनी सोळा अगरबत्त्या कशाला लावायला सांगंल?"

"सणावाराला लागत्यात!"

मी हसून हसून स्टेअरिंगवर डोकं आपटलं, हॉर्न वाजला, बाहीर कोण तर दचकून सायकलवरनं उतरलं. आक्का मलाबी म्हणाली, "दात काढू नकोस. रोज तूच तर पेटवून देतोस."

ते खरं हुतं. मीच काडी ओढतोय रोज.

मग सम्मेदनं चिमटा काढला आणि एकेक काडी वढून काढाय लागला. काय काड्या जळून भोकातच मोडलेल्या, त्यावर राख, त्यावर कुंकू, दसऱ्याला फोडलेल्या नारळाचं पाणी सुकून चिकट झालेलं. त्येनं औषधाचा फवारा मारला, जुन्या ब्रशनं घासलं. आक्का वरनं बघत हुती. "हळू, हळू. दात घासतोयस जसा काय."

"आक्का, एवढ्या वर्षांत आग कशी लागली न्हाय?"

"जोतिबा बसलाय की वर!"

सम्मेदनं एकदा फोटोकडं बघितलं आणि परत घासाय लागला.

सगळं सुकल्यावर वायर घातली. ह्या येळी टक् करून बसली. डबीवर हिरवा दिवा लागला. लॅपटॉपवर रेघा पळाय लागल्या, आकडं आलं. आक्कानं दोन्ही हात जोडलं, लॅपटॉपला का गाडीला ते कळलं न्हाय. "बोलली का?"

"बोलती की. बॅटरी सांगती, पाण्याची गरमी सांगती, सगळं." मग त्येनं मला इचारलं, "इंजिनचा पिवळा दिवा लागतोय का रं मीटरमधी?"

"पैला कवातर लागायचा. आता न्हाय."

"हिथं तर चालू दाखवतंय." त्येनं मीटरवर वाकून बघितलं. काट्यांच्या मधी एक मोठी लाल टिकली चिकटवलेली. मला वाटायचं शोभेला हाय. त्येनं नखानं टिकली काढली. खाली पिवळा दिवा, लख्ख.

आमी दोघांनी आक्काकडं बघितलं.

"काय बघताय? डोळ्यात येत हुता राज्याच्या. त्येला झोप लागत न्हवती."

"आक्का, चालवताना झोप लागायचीच न्हाय की!"

"मग जेवणाच्या सुट्टीत?"

सम्मेदनं वाचून सांगितलं की काय मोठं न्हाय, बॅटरी कवातर उतरली हुती त्येच्या जुन्या खुणा हायत, पुसून टाकतो. पुसल्या. दिवा इझला. आक्कानं त्येच्यासाठनं कांदा-लसूण न घातलेली भाजी आणि भाकरी मागवली, दिवस बुडायच्या आत समोर बसवून घातली. तिघंबी खूश. गाडी बरी झाली असं आमी मनात धरलं. सम्मेद तेवढा भाकरी चावत म्हणाला, "ओढ कमी का हाय ते मात्र त्या खुणांत न्हाय."

"जेव गप," आक्का म्हणाली.

शनवार उजाडला. गाडी खतानं गच्च भरली. मी स्टेअरिंगला, आक्का डावीकडं, मधी सम्मेद लॅपटॉप घेऊन, वायर जोडून. मागनं जीपमधनं हंबीरतात्या आणि केरबा. केरबानं येताना एक ड्रायव्हरबी आणलता. म्हणजे त्येचा किती भरवसा ते बघा.

मलकापूर मागं टाकलं, वळणं सुरू झाली, आणि सम्मेदचं तोंड भाजीच्या देठासारखं हिरवं झालं. वळणावर लॅपटॉपमधी बघून त्येला मळमळाय लागलं. "राज्या... मला काय आकडं दिसंनात रं..."

"आण हिकडं," आक्का म्हणाली. लॅपटॉप आपल्या मांडीवर घेतला, चष्मा चढवला. "ह्यात काय बघायचं?"

सम्मेदनं डोळं मिटूनच बोट दाखवलं. "वरचा आकडा... राज्या किती रेस देतोय त्यो. शंभरपैकी."

म्हसोबाची चढण आली. मी दोन गिअर खाली घेतलं आणि पाय दाबला. गाडी चढाय लागली. पैलं वळण झालं. दुसऱ्याला तिचं रडं सुरू. कू... करून आवाज खाली येत चालला. मी अजून दाबलं.

"दाब!" आक्का ओरडली.

"दाबलंय!"

"कुठं दाबलंयस? हिथं एकसष्ट दिसतंय!"

"आक्का, पाय पार खाली हाय माझा!"

"एकसष्ट म्हणजे एकसष्ट! शाळंतबी तेवढंच दिलं असतं तर धावी तरी झाला असतास. उरलेलं एकोणचाळीस कुठं ठेवलंस, घरात?"

मला राग आला. ह्या बाईसाठनं मी कुणाचीबी मुंडी मुरगळीन, पर माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवलेली मला चालत न्हाय. मी दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून, सीटवरनं अर्धा उठून, सगळं वजन त्या पायावर टाकलं.

आकडा त्रेसष्ट झाला.

"बघ! दोन वाढलं!" आक्का म्हणाली. "म्हणजे हुतं तुझ्याकडं!"

आणि तितंच गाडी थांबली. मी ब्रेक लावला, हॅण्डब्रेक वढला. मागं जीप थांबल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा, केरबाच्या चपलांचा.

आक्का लॅपटॉपकडं बघत हुती. तात्याला ती काय म्हणणार, केरबाला चावी कशी देणार, आणि सोमवारी सकाळी भिंतीला टेकून कशी बसणार, ते सगळं मला एकदम दिसलं.

सम्मेद डोळं मिटूनच म्हणाला, "राज्या, वजन टाकल्यावर दोन वाढलं?"

"व्हय."

"मग पायाखाली काय तर दबतंय."

मी खाली बघितलं. आक्कानंबी बघितलं. पायाखाली वाकळ.

ही वाकळ एक वाकळ न्हवती. आक्का दर दसऱ्याला गाडीची पूजा करती, आणि पूजेला पायाखालचं नवं पायजे. पर जुनं टाकवत न्हाय. एक तिच्या सासूच्या लुगड्याची, एक आईच्या, एक मामानं आणलेल्या इरकलीची. मग ती दरसाली नवी वाकळ जुन्यावरच टाचून टाकायची. म्हणून तर मऊ लागायची. एकावर एक थर चढत गेलं आणि एक्सलेटरच्या खाली गादी वाढत गेली. माझा पाय दरसाली वाईच अलीकडंच टेकाय लागला. गाडी म्हातारी झालीच न्हवती. तिला कुणी पुरतं दाबलंच न्हवतं. उभ्या गाडीवर मिस्त्री रेस द्यायचं, त्येला तेवढी पुरायची. भरून चढाला पुरत न्हवती.

"अगं आई गं," आक्का म्हणाली. आयुष्यात पैल्यांदा मी तिला हळू आवाजात बोलताना ऐकलं.

केरबा माझ्या बाजूच्या चाकापाशी पोचलता, टायरवर लाथ मारून बघत हुता.

आक्का वाकली. त्या वाकळंचं टोक धरलं आणि अशी वढली की माझं दोन्ही पाय सीटवर आलं. सगळं थर एका झटक्यात बाहीर. घडी घालायला येळ न्हवता. तिनं ते गाठोडं आपल्या सीटवर टाकलं आणि त्यावर बसली. आता तिचं डोकं छताला लागाय लागलं.

"भावजीस्नी ह्यातलं काय सांगायचं न्हाय," ती म्हणाली. "न्हायतर मरूस्तवर ऐकवतील की वैनीनं गाडीचा गळा दाबला."

"माझ्या तोंडातनं निघणार न्हाय," मी म्हणालो.

सम्मेद डोळं उघडून म्हणाला, "आक्का, मी खोटं बोलत न्हाय हं. आमच्यात चालत न्हाय."

"मळमळतंय का तुला?"

"लई."

"मग इचारलं तर तेवढंच सांग. ते खरं हाय न्हवं?"

सम्मेदनं इचार केला. "खरं हाय."

तवर तात्या आक्काच्या खिडकीखाली आला. "वैनी, झालं का न्हाय समाधान?"

"वाईच थांबलोय, भावजी. ह्या पोराला मळमळाय लागलं."

तात्यानं सम्मेदकडं बघितलं. "व्हय काय रं?"

"लई मळमळतंय, तात्या," सम्मेद म्हणाला, इतकं मनापासनं की तात्या दोन पावलं मागं सरला.

"तुमी म्हणालता माथ्यावर पोचायला पायजे," आक्का म्हणाली. "अजून माथा कुठं आलाय? बसा जीपमधी. आणि केरबा, टायरवरनं पाय काढ, चिरडंल!"

मी चावी फिरवली. अनवाणी पायाला पैल्यांदाच खालचा लोखंडी पत्रा लागला, गार. भरलेली गाडी, उभी चढण, तितनंच उठवायची. हॅण्डब्रेक सोडला, क्लच सोडला आणि पाय दाबला. पाय गेला, गेला, अजून गेला. मला वाटलं तळातनं रस्त्याला लागतोय का काय.

गाडीनं असा आवाज काढला की सम्मेदचं मळमळणं थांबलं. चिमणीनं एक मोठा काळा धूर सोडला आणि ती सुटली. उजव्या आरशात मागं मला केरबा दिसला, धुरात, रुमाल शोधताना. मग तिसरा गिअर घेतला. ह्या चढणीवर मी तिसरा गिअर मामा असताना बघितलता.

"किती?" मी ओरडलो.

"नव्व्याण्णव!" आक्का ओरडली. लॅपटॉप दोन्ही हातांनी धरलाता, डोकं छताला आपटत हुतं. "एक कुठं ठेवलंस?"

"राहू द्या की एक, आक्का!" सम्मेद ओरडला. त्योबी ओरडाय लागलता.

"डावीकडं दगड हाय! कट मार! वढ, वढ, वढ माझी बाय!" हे गाडीला हुतं.

माथ्यावर म्हसोबाच्या दगडापाशी आमी थांबलो, खाली उतरलो, आक्कानं पिशवीतनं भडंग काढलं, आमी निम्मं खाल्लं, मग जीप आली. तात्या उतरला. गाडीभोवती एक फेरी मारली. वाकून खाली बघितलं. जसं काय आमी गाडीच बदलली.

"काय केलं वैनी?"

"कुठं काय? लॅपटॉप मांडीवर घेतला."

"म्हणजे?"

"म्हणजे मांडीवर. पोरगं खाली ठिवलं की रडतंय, मांडीवर घेतलं की गप. तसंच."

तात्यानं माझ्याकडं बघितलं. मी भडंग चावत हुतो. तोंड भरलेलं असलं की माणसाला काय बोलावं लागत न्हाय. सम्मेदकडं बघितलं. सम्मेद म्हणाला, "आता मळमळत न्हाय, तात्या."

केरबानं येऊन परत पत्रा वाजवला, सवयीनं. आक्कानं त्येच्या हातात मूठभर भडंग ठेवलं. "घे. आलायस तर रिकामा जाऊ नकोस."

तात्या माणूस वाकडा असला तरी चार माणसांत बोललेलं मोडत न्हाय. त्येनं केरबाला तितनंच वाटंला लावला. जीपमधी बसताना एवढंच म्हणाला, "वैनी, चालू द्या तुमचं." आणि मग काच वर करायच्या आधी, "आणि जरा हळू बोला. खाली मलकापुरात ऐकू आलं असंल." पर ह्या खेपंला त्यो म्हणताना हसत हुता.

आठवड्यात सम्मेदच्या दारात चार ट्रक उभारलं. मालक सगळं म्हणत, आक्काच्या गाडीत जे सॉफ्टवेअर घातलंय तेच घाल. सम्मेद म्हणतोय, मी काय घातलं न्हाय. ते म्हणत्यात, लपवतोय. एकानं तर इचारलं, मांडीवर घ्यायला घरातलीच बाई लागती का दुसरी चालती. सम्मेद मला शिव्या देतोय. त्येला शिव्या देताबी येत न्हाईत नीट. "तू लई वाईट हायस," म्हणतोय.

वाकळ आता आक्काच्या सीटवर असतीय. ती उंच बसती, रस्ता अजून लांबवर दिसतोय तिला, त्यामुळं शिव्या आधीच सुरू हुत्यात. अगरबत्तीला मी लोखंडी स्टॅण्ड आणून दिला. सोळा भोकांवर सम्मेदनं झाकण लावलंय आणि त्यावर आक्कानं हळदी-कुंकू लावलंय, बाहेरनं. तेवढं चालतंय म्हणालाय त्यो.

मंगळवारी सकाळी मी गाडी काढली तर आक्का आधीच बसलेली, डबा दुप्पट, दोन लुगडी पिशवीत.

"आज खत न्हाय," ती म्हणाली. "गूळ भरलाय. लांज्याला."

"लांजा? आक्का, ते कोकणात हाय. पार आंबा घाट उतरून."

"मला काय म्हाईत न्हाय व्हय? जाताना उताराचं काय कौतुक, येताना चढायची हाय. भरून. इतकी वर्सं घाटाच्या तोंडापातूर जाऊन माघारी फिरलोय. आता का फिरायचं?"

"तात्याला सांगितलंस?"

"तू गाडी काढ."

मी काढली. बावड्यातनं बाहीर पडलो, कोल्हापुरात शिरलो, आणि तिचा फोन वाजला. तात्याचा. तिनं उचलला, कानापासनं लांब धरला, आणि बाजूच्या भाजीवाल्यानं वजनं खाली ठेवून बघावं एवढ्या मोठ्यानं ओरडली, "हॅलो? हॅलो, भावजी? काय ऐकू येत न्हाय! घाटात हाय आमी! रेंज न्हाय हितं!"

आमी अजून पंचगंगेचा पूलबी ओलांडला न्हवता.